व्हिडिओ गेमची जडणघडण, लेखांक ६ : ‘ब्रेकआउट’चे पॅडल

‘ब्रेकआउट’ या खेळात खेळणाऱ्याच्या हाती एकच वस्तू असते : पडद्याच्या तळाशी डावी-उजवीकडे सरकणारी आडवी पट्टी, म्हणजे पॅडल. वर विटांची भिंत आणि मधल्या काळ्या पोकळीत एक चेंडू. चेंडू आदळला की वीट नाहीशी होते आणि चेंडू खाली येतो. पॅडल तिथे वेळेवर पोहोचले नाही, तर तो चेंडू गेला. अटारी कंपनीने १९७६ साली या खेळाचे यंत्र बाजारात आणले. कल्पना नोलन बुशनेल आणि स्टीव्ह ब्रिस्टो यांची होती. नमुना तयार करण्याचे काम स्टीव्ह जॉब्जकडे आले, पण चार दिवसांत ते पूर्ण केले त्याचा मित्र स्टीव्ह वोझ्नियाक याने. विक्रीच्या यंत्रात मात्र अटारीने वोझ्नियाकचा आराखडा वापरला नाही.

पॅडल आले ते अटारीच्याच १९७२ सालच्या ‘पाँग’मधून. तिथे दोन उभी पॅडले समोरासमोर असत. ‘पाँग’चा रचनाकार अ‍ॅलन अल्कॉर्न याने पॅडलचे आठ भाग पाडले होते. मधल्या भागांवर आलेला चेंडू जवळजवळ सरळ परते, टोकाकडच्या भागांवर आलेला तिरका जाई. ‘ब्रेकआउट’ने पॅडल आडवे केले, प्रतिस्पर्ध्याच्या जागी भिंत उभी केली आणि चेंडूची दिशा पॅडलवरच्या जागेनुसार ठरवण्याची ही युक्ती पुढे चालवली.

या खेळाचे सगळे मर्म या एका नियमात आहे. कॅरमची सोंगटी काठावर ज्या कोनात आदळते, त्याच कोनात परतते. ‘ब्रेकआउट’च्या बाजूच्या भिंतीही चेंडू तसाच परतवतात. पॅडलही तसेच वागले असते, तर चेंडूचा मार्ग आधीच ठरून गेला असता आणि खेळणाऱ्याकडे फक्त चेंडू अडवण्याचे काम उरले असते. चेंडू पॅडलवर नेमका कुठे पडला यावर पुढची दिशा ठरते, म्हणूनच नेम धरता येतो. नवखा खेळाडू पॅडलचा मध्य चेंडूखाली आणतो, कारण ते सुरक्षित असते. सराईत खेळाडू मुद्दाम टोक पुढे करतो. तिथे चेंडू निसटण्याचा धोका सर्वांत जास्त, पण कोपऱ्यातल्या विटेकडे जाणारा तिरका मार्गही तिथूनच मिळतो.

पॅडल हलवण्यासाठी यंत्रावर एक गोल खुंटी असे. तिच्यामागे पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर विद्युतरोध बदलणारा साधा भाग. खुंटीची प्रत्येक स्थिती पडद्यावरच्या एका ठरावीक जागेशी बांधलेली असल्यामुळे हलका झटका दिला की पॅडल या टोकाचे त्या टोकाला जाई आणि किंचित फिरवले की केसभर सरके. कीबोर्डवर हे साधत नाही. तिथे पॅडल सहसा ठरलेल्या वेगाने चालते, त्यामुळे दूरचा चेंडू गाठायला लागणारा वेळ कमी करता येत नाही. पुढे अटारीच्या घरगुती यंत्रासाठी अशाच खुंटीचे हातात धरायचे कंट्रोलर निघाले. विद्युतरोध मोजण्याची त्यांची पद्धत सुरेख होती : रोधातून एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, भरत जाई आणि तो भरेपर्यंत टीव्हीच्या पडद्यावर किती आडव्या रेषा काढून झाल्या हे प्रोग्रॅम मोजत असे. पोटेन्शिओमीटरच्या आतल्या पट्टीवर धूळ बसली की मात्र पडद्यावरचे पॅडल थरथरू लागे.

मूळ यंत्रात विटांच्या आठ ओळी होत्या, प्रत्येकीत चौदा विटा. खालून वर पिवळ्या, हिरव्या, नारिंगी आणि लाल अशा दोन-दोन ओळी, आणि त्यांचे गुण अनुक्रमे १, ३, ५ आणि ७. पडदा कृष्णधवलच होता. रंग दिसत ते त्यावर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. पॅडलचा चौथा आणि बारावा फटका झाला की चेंडूचा वेग वाढे, नारिंगी आणि लाल ओळींना स्पर्श झाल्यावरही वाढे. चेंडू लाल ओळ भेदून वरच्या कडेला लागला, की पॅडलची रुंदी निम्मी होई.

पॅडल निम्मे करण्याची ही शिक्षा नेमक्या जागी आहे. भिंतीच्या एका बाजूला उभे भगदाड पाडून चेंडू वर पाठवला, तर तो विटा आणि छत यांच्यामध्ये उसळत राहतो, महागड्या विटा आपोआप फुटतात आणि पॅडलला बराच वेळ काही करावे लागत नाही. हा डावपेच पुढे यंत्रांनीही शोधला. डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी केवळ पडद्यावरचे चित्र आणि गुण पुरवून एका संगणकीय प्रणालीला ‘ब्रेकआउट’ची घरगुती आवृत्ती खेळायला लावली. २०१५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधातली ही प्रणाली बाजूने भगदाड पाडायला आपणहून शिकली होती.

१९७८ सालच्या ‘सुपर ब्रेकआउट’च्या एका प्रकारात एकावर एक अशी दोन पॅडले आली. मोठा बदल केला तो जपानच्या टायटो कंपनीने, १९८६ सालच्या ‘अर्कनॉइड’मध्ये. तिथे पॅडल म्हणजे ‘वॉस’ नावाचे अंतराळयान होते. फुटलेल्या विटांतून कधीकधी कॅप्सूल खाली पडत. ती झेलली की पॅडल रुंद होई, चेंडू धरून ठेवी किंवा लेझर झाडू लागे. त्यामुळे पॅडलवर नवाच पेच आला : चेंडू एका बाजूला, कॅप्सूल दुसऱ्या बाजूला. संगणकावरच्या १९९६ सालच्या ‘डीएक्स-बॉल’ने हीच रीत उचलली, आणि खुंटीचे काम माउसकडे गेले. मोबाइलवर पॅडल बोटाने ओढतात. बोटाखाली ते झाकले जाऊ नये म्हणून अशा अनेक खेळांत पॅडलच्या खाली थोडी जागा मोकळी सोडलेली असते.