अंगावरून वारं गेलेला हात : करंट आणि कसरत



ऊसनोंदीच्या निमित्ताने आम्ही शेतकी खात्याची माणसे वस्त्यावस्त्यांवर फिरतो. एखाद्या ओसरीवर घरचा कर्ता माणूस एक हात मांडीवर टाकून बसलेला दिसतो. अंगावरून वारं गेलेलं असतं. घरची मंडळी मायेने घास भरवितात, तेल चोळतात, आणि हात दिवसेंदिवस आखडत जातो. "करंटचं मशीन लावलं, पण गुण आला नाही," असंही ऐकू येतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो. तिथली रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते, आणि हाताला हुकूम सोडणारा भाग निकामी होतो. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर उजवा हात जातो. मेलेला भाग परत उगवत नाही. पण पाट फुटला म्हणजे आपण दुसऱ्या दांडाने पाणी काढतोच की! मेंदूतले शाबूत भागही गेलेले काम थोडेफार अंगावर घेतात. मात्र नव्या दांडाला पाणी वरचेवर वाहावे लागते. म्हणजे रुग्णाने स्वतः हात हलविण्याची धडपड शेकडो वेळा केली पाहिजे. दुसऱ्याने हात हलवून दिल्याने सांधे मोकळे राहतात, पण तेवढ्याने भागत नाही.

करंटची जागा इथे आहे. बहुतेकांना मूठ मिटता येते, उघडता येत नाही. म्हणून कोपराखाली हाताच्या मागील बाजूस चकत्या चिकटवून सौम्य करंट देतात. मनगट व बोटे उघडतात. रुग्ण त्या वेळी आढ्याकडे बघत पडून राहिला तर निम्मा फायदा वाया गेला असे मी म्हणेन. करंट येताच त्यानेही जोर लावायचा, पेला धरायचा, सोडायचा. काही यंत्रे तर स्नायूची बारीकशी धडपड ओळखून मगच करंट सोडतात. कल्पना जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेत लिबरसन यांनी लोंबणाऱ्या पावलासाठी असे यंत्र केले. टाच उचलली की बुटातील बटणाने करंट सुरू होई.

नुसत्या कसरतीचा जोरही कमी नाही. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेली 'एक्साइट' नावाची चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. आजाराला ३ ते ९ महिने झालेले, बोटे थोडी तरी उघडणारे हे लोक. निम्म्यांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जाड मोजा चढविला आणि लुळ्या हाताकडून रोज तासन् तास कामे करून घेतली. वर्षानंतरही त्यांचा हात इतरांपेक्षा चांगला चालत होता. आपल्याकडे शेंगा सोलणे, दोरी गुंडाळणे, तांब्या उचलणे ही कामे घरातच आहेत.

हात पूर्ववत होईलच अशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त होते, तेव्हा ते दिवस झाडपाल्यात घालवू नयेत. यंत्र फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच लावावे. छातीत पेसमेकर असेल तर ते आधी सांगावे. आणि माणसाला उठविताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. पाठीला आणि कमरेला आधार द्या.