एआय एजंटसाठी व्हर्च्युअल मशीनची माहितीपुस्तिका

एका खऱ्या संगणकाची मेमरी, डिस्क आणि प्रोसेसर वाटून त्यात अनेक स्वतंत्र संगणक चालवणे म्हणजे व्हर्च्युअलायझेशन. आयबीएमने १९७२ मध्ये जाहीर केलेली व्हीएम/३७० ही प्रणाली हेच करत असे. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आले आणि ही सोय साध्या सर्व्हरवरही सहज मिळू लागली. अशी व्हर्च्युअल मशीन्स सांभाळण्यासाठी लिबव्हर्ट नावाची मुक्त प्रणाली आहे. तिची पहिली आवृत्ती २००५ मधली. व्हर्श या तिच्या साधनातून कमांड देऊन मशीन सुरू करता येते, थांबवता येते, त्याची मेमरी वाढवता येते.

अलीकडे या कमांड माणसाऐवजी एआय एजंट देऊ लागले आहेत. एजंट म्हणजे भाषा-मॉडेलवर चालणारा असा प्रोग्रॅम, जो सोपवलेल्या कामाचे टप्पे स्वतः ठरवतो, कमांड चालवतो आणि आलेले उत्तर वाचून पुढचे पाऊल टाकतो. व्हर्शची माहितीपुस्तिका तपशीलवार आहे, पण ती लिहिली गेली अनुभवी व्यवस्थापकासाठी. त्याच्या अंगवळणी पडलेल्या कितीतरी गोष्टी तिच्यात ठळकपणे येत नाहीत. एजंटसाठी लिहिताना नेमक्या याच गोष्टी आधी सांगाव्या लागतात.

पहिला प्रश्न परिणामांचा. व्हर्शमधली ‘डिस्ट्रॉय’ ही कमांड नावावरून वाटते तसे मशीन नष्ट करत नाही. ती चालू मशीनचा वीजपुरवठा तोडल्यासारखे ते तत्काळ बंद करते. डिस्क जागेवर राहते, पण न लिहिली गेलेली माहिती गमावली जाऊ शकते. उलट ‘अनडिफाइन’ हे सौम्य वाटणारे नाव मशीनची नोंदच पुसते आणि सोबत साठवणूक काढण्याचा पर्याय दिला तर डिस्कही जातात. चालू मशीनवर ही कमांड दिली तर मशीन चालूच राहते, मात्र नंतर बंद झाले की पुन्हा सुरू करायला नोंद उरत नाही. म्हणून प्रत्येक कमांडपुढे ती काय बदलते, काय पुसते आणि ते परत मिळवता येते का, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असले पाहिजे. नावावरून अर्थ काढण्याची वेळ एजंटवर येता कामा नये.

दुसरा प्रश्न वाट पाहण्याचा. ‘शटडाउन’ दिल्यावर व्हर्श लगेच यशाचा निरोप देते. त्याचा अर्थ एवढाच की बंद होण्याची विनंती पोहोचली. आतली ऑपरेटिंग सिस्टिम ती पाळायला वेळ घेईल किंवा दुर्लक्षही करील. अनुभवी माणूस इथे थोडा थांबतो. एजंटला मात्र लिहूनच द्यावे लागते: ‘डोमस्टेट’ने स्थिती तपासा, किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा ही, त्यानंतरही मशीन बंद झाले नाही तर माणसाला विचारा. हे वाक्य नसेल तर एजंट आपणहून ‘डिस्ट्रॉय’कडे वळू शकतो.

एककांचेही तसेच. ‘सेटमेम’पुढे नुसता ४०९६ लिहिला तर तो आकडा किबीबाइटमध्ये मोजला जातो आणि चार जीबीच्या जागी चार एमबी मेमरी मागितली जाते. उदाहरणात नेहमी एककासह ४जी असेच लिहावे, कारण एजंट नियमापेक्षा उदाहरणाची नक्कल अधिक विश्वासाने करतो. सामान्य वापरकर्ता म्हणून विचारलेली मशीनची यादी आणि संपूर्ण सर्व्हरची यादी वेगळी असते, हेही सुरुवातीलाच सांगायला हवे. रिकामी यादी पाहून मशीन अस्तित्वातच नाही असे समजणारा एजंट नवे मशीन बनवू लागेल.

‘एडिट’ कमांड संपादक उघडते आणि एजंट तिथेच अडकून बसू शकतो. तिच्याऐवजी मशीनची व्याख्या फाइलमध्ये काढून, बदलून परत नोंदवण्याचा मार्ग द्यावा. लिबव्हर्टच्या संदेशांची अनेक भाषांत भाषांतरे आहेत, त्यांत मराठीही आहे. वाचकाला ती मोलाची, पण एजंट ठरावीक शब्द शोधत असेल तर संदेशांची भाषा आधीच निश्चित केलेली बरी.

एवढे सगळे एकाच लांबलचक फाइलमध्ये कोंबणे चुकीचे. मॉडेल एका वेळी मर्यादित मजकूर लक्षात ठेवते; म्हणून आरंभी छोटी अनुक्रमणिका आणि धोक्याचे नियम, तपशील वेगळ्या फाइलींत.

मात्र लिखित ताकीद म्हणजे कुलूप नव्हे. फक्त पाहणी करणाऱ्या एजंटला व्हर्शची केवळ-वाचन जोडणी द्यावी, आणि मशीनच्या वर्णनात सापडलेला मजकूर ही माहिती आहे, आदेश नव्हे, हे पुस्तिकेत नोंदवावे.

पुस्तिकेवर आवृत्तीचा क्रमांक हवा आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर उदाहरणे चालवून पाहिली पाहिजेत. त्यासाठी लिबव्हर्टमध्येच एक चाचणी-चालक आहे. तो खरे मशीन न चालवता कमांडना उत्तरे देतो. त्यात आतली ऑपरेटिंग सिस्टिम नसल्याने ‘शटडाउन’ची दिरंगाई दिसत नाही. त्या भागाची तपासणी टाकाऊ माहिती असलेल्या छोट्या, पण खऱ्या व्हर्च्युअल मशीनवरच करावी लागते.