तेल का गळते?

रात्री गाडी जिथे उभी असते, तिथे सकाळी जमिनीवर तेलाचा काळा ठिपका दिसतो. दोन-चार दिवसांत ठिपक्याचे थारोळे होते. गॅरेजवाला इंजिनाखाली डोकावून सांगतो, "पॅकिंग गेलंय." गाडीचा मालक हौशी असेल तर सुटीच्या दिवशी स्वतःच पाना हातात घेतो. बहुतेकांना दोनच उपाय सुचतात : बोल्ट आणखी जोरात आवळणे, किंवा बाजारातून सिलिकॉनची ट्यूब आणून सांध्यावर भरपूर लेप थापणे. या दोन्ही उपायांनी गळती थांबण्याऐवजी पुष्कळदा वाढते आणि क्वचित इंजिनच निकामी होते. असे का होते हे समजायला शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

सपाट म्हणजे किती सपाट?

इंजिन एकसंध नसते. मधल्या ब्लॉकवर हेड, हेडवर टॅपेट कव्हर आणि खालच्या बाजूला तेल साठवणारे चेंबर असे भाग बोल्टांनी जोडलेले असतात. जोडाचे पृष्ठभाग यंत्रावर घासून सपाट केलेले असतात. बोटाला ते गुळगुळीत लागतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर काही मायक्रोमीटर उंचीच्या डोंगररांगा दिसतात. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की शिखरे शिखरांना टेकतात, पण दऱ्या मोकळ्याच राहतात. तेल त्यांतून वाट काढते.

अरुंद फटीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे फट निम्मी झाली तर गळती निम्मी न होता एक-अष्टमांश होते. उलट फट दुप्पट झाली की गळती आठपट! द्रव जितका पातळ तितकी गळतीही जास्त. १५ डब्ल्यू-४० दर्जाचे इंजिन तेल ४० अंश सेल्सिअसला असते त्यापेक्षा १०० अंशांना साधारण सातपट पातळ होते. थंड इंजिन कोरडे दिसते आणि घाट चढून आलेले इंजिन ठिबकते, याचे हे एक कारण.

बूच, रबर आणि कुकरची रिंग

या दऱ्या भरण्यासाठी दोन धातूंच्या मध्ये एक मऊ पदार्थ ठेवतात. तेच पॅकिंग किंवा गॅस्केट. कागद, बूच आणि रबर हे यासाठी नेहमी वापरले जाणारे पदार्थ.

बूच आणि रबर दोन्ही मऊ असले तरी दाबल्यावर अगदी वेगळे वागतात. बुचाच्या पेशींत हवा असते. ते वरून दाबले तर बारीक होते, पण बाजूंना जवळजवळ फुगत नाही. रबराचे आकारमान मात्र दाबाने फारसे बदलत नाही. ते वरून दबले की तेवढेच बाजूला सरकते. म्हणून रबरी रिंगेसाठी केलेली खाच रिंगेपेक्षा थोडी मोठी ठेवतात. सरकायला जागा नसेल तर रबर चिरडते.

आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरची रिंग याच कुळातली. कुकरमध्ये वाफेचा दाब वाढतो तसा तो रिंगेला भांड्याच्या आणि झाकणाच्या कडांवर अधिकच घट्ट रेटतो. ज्याला अडवायचे त्याचाच दाब इथे मदतीला येतो. अनेक वर्षांच्या उष्णतेने रिंग कडक झाली की तिची लवचिकता जाते आणि कडेने वाफ सुटू लागते. इंजिनातल्या रबराचेही असेच होते. काढलेले जुने पॅकिंग वाकवल्यावर तडकत असेल, तर ते आवळून काहीच साधणार नाही. ते बदललेच पाहिजे.

बोल्ट किती आवळावा?

बोल्ट आवळताना आपण खरे तर त्याला स्प्रिंगसारखा किंचित ताणत असतो. हा ताण दोन भागांना एकत्र दाबून धरतो. टॅपेट कव्हरचे बोल्ट पुष्कळदा ६ मिलिमीटर जाडीचे असतात. तेवढ्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ५ किलो वजन टांगल्यावर एवढा पीळ बसतो. यातला बराच भाग आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो. तरीही बोल्टमध्ये सुमारे ८००० न्यूटन ताण येतो, म्हणजे आठशे किलोंच्या वजनाइतका.

आता दोन्ही हातांनी जोर लावला तर काय होईल याची कल्पना करा. अॅल्युमिनियममधले आटे उखडतील, किंवा पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टपाशी खोल दबून दोन बोल्टांच्या मध्ये वर उचलली जाईल. तिथेच फट पडेल, आणि फटीचा घनाचा नियम आपण पाहिलाच आहे. म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत दिलेला पीळच द्यावा. सर्व बोल्ट आधी हाताने बसवावेत, मग मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत.

ट्यूबमधला लेप

पूर्वी मिस्त्री स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावीत. आता सिलिकॉन वापरतात. ट्यूबमधून निघालेला हा लेप हवेतल्या बाष्पाशी रासायनिक क्रिया करून रबर बनतो. क्रिया बाहेरून आत सरकते. काही मिनिटांत वर साय धरते, पण आतला भाग पक्का व्हायला सहसा एक दिवस लागतो. घाईने तेल भरून इंजिन सुरू केले तर कच्चा लेप वाहून जातो.

जिथे तयार पॅकिंग आहे तिथे लेपाची गरज बहुधा नसते. जिथे आहे तिथे तो बारीक, सलग धारेने लावावा. जास्त लावलेला लेप बाहेर येतो तसा आतही येतो. आतला तुकडा सुटला की तेलाबरोबर पंपाच्या जाळीपर्यंत जातो आणि तिथे अडकतो. बेअरिंगना तेल मिळेनासे होते, धातूवर धातू घासतो आणि इंजिन जाम होते. चार थेंबांची गळती थांबवताना असे अख्खे इंजिन गमावले जाऊ शकते.

लेप तेलकट पृष्ठभागाला चिकटत नाही. म्हणून जुना लेप लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून जागा कोरडी, स्वच्छ करावी. धातूच्या धारदार पात्याने अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ते कोरडे घासू नये. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

आणखी एक गोष्ट तपासावी. पिस्टनच्या कडेने थोडे वायू खालच्या भागात झिरपतात. त्यांना बाहेर नेणारी ब्रीदरची नळी तुंबली तर आत दाब साठतो आणि चांगले पॅकिंगही ठिबकू लागते. अशा वेळी पॅकिंग बदलून उपयोग नाही, नळी साफ केली पाहिजे.

गोठलेल्या रिंगेची किंमत

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळाशिक्षिका त्यांत होती. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी रिंग त्या सकाळच्या कडक थंडीत ताठर झाली होती. ती सांध्यातल्या हालचालीबरोबर पुरेशा वेगाने फुलली नाही आणि जळता वायू बाहेर पडला. थंडीत उड्डाण करू नये, असे रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. पुढे चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन यांनी अशा रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि तो लगेच पूर्ववत होत नाही हे सर्वांसमोर दाखवले.

वर्गात करून पाहा

१. बाटलीचे बूच आणि तेवढाच रबराचा तुकडा कारागिराच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) हळूहळू दाबा. दोघांची रुंदी दर वेळी मोजा. कोण किती फुगतो?

२. सायकलची ट्यूब, खोडरबर, कुकरची जुनी आणि नवी रिंग यांचे तुकडे चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा. बाहेर काढून सोडल्यावर प्रत्येकाला मूळ आकारात यायला किती वेळ लागतो याची नोंद करा. हेच कोमट पाण्यात करा.

३. काचा बसवायच्या, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनची धार काचेवर ओढा. तिच्यावर ओला निळा लिटमस कागद धरा. तो लाल होतो, कारण पक्के होताना हे सिलिकॉन अॅसिटिक आम्ल सोडते. हे आम्ल धातूला गंजवते. तेव्हा हे सिलिकॉन इंजिनाला का चालणार नाही, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.