कान कच्चा की चाचणी कच्ची?



पेट आणि नेटच्या तयारीत व्हॅलिडिटी आणि रिलायबिलिटी हे दोन शब्द आपण इतक्या वेळा पाठ करतो की त्यांचा अर्थ बाजूलाच राहतो. माझंही तेच झालं होतं. एमएस्सीला व्याख्या लिहून मार्क मिळाले, पण अर्थ कळला तो राजारामपुरीत, घरमालकांच्या मुलीमुळे.

ती अकरावीला आहे आणि सहा वर्षं शास्त्रीय गायन शिकते. एका रात्री तिने मोबाईलवर ‘तुमचा संगीताचा कान किती तयार आहे’ हे सांगणारी ऑनलाइन चाचणी दिली. निकाल आला ‘सरासरीपेक्षा कमी’. दोन दिवसांनी काकू वर माझ्या खोलीवर आल्या. “अरे, ही क्लास सोडते म्हणतीय. तू सायन्सवाला न्हवं, बघ जरा काय भानगड हाय.”

मी बघितलं. चाचणीचे दोन भाग होते. पहिल्या भागात एकामागून एक दोन स्वर ऐकवतात आणि दुसरा चढा की उतरा ते विचारतात. दुसऱ्या भागात छोटी सुरावट वाजते आणि शेवटचा स्वर सुरेल की बेसूर ते सांगायचं असतं. पहिल्या भागात तिला १० पैकी ६ मिळाले होते. दुसरा भाग त्याहून वाईट.

१० प्रश्नांत किती कळतं?

दोनच पर्याय असले की डोळे मिटून टिकमार्क केलं तरी सरासरी ५ उत्तरं बरोबर येतात. १० पैकी ७ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता निव्वळ अंदाजाने सुमारे १७ टक्के आहे. आता उलट बघा. ज्याची खरी क्षमता ८० टक्के आहे, त्यालाही १० प्रश्नांत ६ किंवा कमी मिळण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. बायनॉमियल वितरण वापरून स्वतः करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. म्हणजे एवढ्या लहान चाचणीतल्या ६ गुणांवरून कुणाला ‘कमी’ म्हणणं घाईचं आहे. हा रिलायबिलिटीचा प्रश्न: तीच चाचणी तोच माणूस पुन्हा देईल तेव्हा आकडा जवळपास तोच येईल का?

प्रयोगशाळेत म्हणून ‘जिन्याची पद्धत’ वापरतात. सलग दोन उत्तरं बरोबर आली की दोन स्वरांमधलं अंतर कमी करायचं, एक चुकलं की वाढवायचं. असं खाली-वर होत माणूस एका पातळीवर स्थिरावतो. या नियमाने तो जिथे स्थिरावतो, तिथे त्याची साधारण ७०.७ टक्के उत्तरं बरोबर येतात. ते अंतर म्हणजे त्याचा उंबरठा. तो सेंटमध्ये मोजतात, एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट.

माझी चूक

तिने चाचणी मोबाईलच्या स्पीकरवर, टीव्ही चालू असताना दिली होती. एवढासा स्पीकर खालच्या पट्टीतले स्वर नीट वाजवूच शकत नाही. शुद्ध एकाच वारंवारतेचा, समजा १५० हर्ट्झचा, स्वर असेल तर तो फार क्षीण येतो किंवा बिघडून येतो. मी तिला माझे हेडफोन दिले, दार लावलं, पुन्हा चाचणी द्यायला लावली. पहिल्या भागात ९ मिळाले!

मी खूश. दुसऱ्या दिवशी गाइडना सांगितलं, “सर, सिद्ध झालं, स्पीकरचा दोष होता.” सरांनी एकच विचारलं, “हेडफोनमुळे वाढले की दुसऱ्यांदा दिली म्हणून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एकाच वेळी हेडफोन, खोली आणि सराव अशा तीन गोष्टी बदलल्या होत्या. कन्फाउंडिंग म्हणतात ते हेच, आणि त्यावर मी सेमिनार दिला होता!

सराव ही किरकोळ गोष्ट नाही. २००६ मध्ये मिशेल आणि सहकाऱ्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताचे वादक आणि संगीत न शिकलेले लोक यांचे उंबरठे मोजले. न शिकलेल्यांचा उंबरठा सुरुवातीला वादकांच्या सहापटीहून मोठा होता. पण फक्त ४ ते ८ तास त्याच चाचणीचा सराव केल्यावर ते वादकांच्या बरोबरीला आले. आठ तासांत कुणी वादक होत नाही. म्हणजे चाचणीतला आकडा कानाचा असतो तसाच चाचणीच्या सवयीचाही असतो.

मग नीट प्रयोग कसा करायचा? बरेच ऐकणारे घ्यायचे. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना आधी स्पीकर आणि मग हेडफोन, उरलेल्यांना उलट क्रम. सुरुवातीला सगळ्यांना सरावाचे काही प्रश्न, त्यांचे गुण धरायचे नाहीत. माझ्याकडे एकच मुलगी होती, त्यामुळे मी काहीच सिद्ध केलं नव्हतं.

‘सुरेल’ कोणाच्या हिशेबाने?

दुसरा भाग मात्र हेडफोन लावूनही सुधारला नाही. तिच्या चुका एकाच ठिकाणी होत्या. सुरावट शुद्ध गंधारावर थांबली की ती ‘बेसूर’ म्हणायची. विचारलं तर म्हणाली, “दादा, तो ग चढा लागतोय.”

मी चाचणीतला आवाज रेकॉर्ड करून प्राट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोजला. सा ते ग अंतर बरोबर ४०० सेंट निघालं, कीबोर्डच्या समान विभागणीचा गंधार. पण तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो पाचव्या हार्मोनिकमधला. त्याचं साशी गुणोत्तर ५/४, म्हणजे सुमारे ३८६ सेंट. सा २४० हर्ट्झ धरला तर हा ग ३०० हर्ट्झ आणि कीबोर्डचा ३०२.४. रोज तानपुऱ्यावर बसणाऱ्या मुलीला तो चढा वाटला तर नवल काय? चाचणीने तिचा कान मोजला नाही, तिला कुठल्या गंधाराची सवय आहे ते मोजलं. व्हॅलिडिटीचा प्रश्न हाच: जे मोजतो म्हणता तेच मोजताय का?

आता ‘३८६ खरा आणि ४०० खोटा’ असंही लगेच लिहू नका. हा वाद आपल्या शेजारीच रंगला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेवर जुळवून मोजले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. गवयाचा गळा मोजमापाखाली आणायचा हे त्या काळात धाडसाचं काम होतं. पण आजच्या नजरेने बघा: तार जुळली की नाही हे कानानेच ठरवायचं, म्हणजे मोजणाऱ्याचा कानही यंत्राचा भाग झाला. पुढे १९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन यांनी कलाकारांच्या वादनातली स्वरस्थानं उपकरणाने मोजली. एकच स्वर कलाकारागणिक, अगदी एकाच वादनातही, थोडा सरकतो असं त्यांना दिसलं. म्हणजे सुरेलपणाची उत्तरपत्रिका तयार करणंच अवघड आहे. निदान ती कुठल्या परंपरेच्या कानावरून केली, हे चाचणीने आधी सांगायला हवं.

तुमच्यातले बरेच जण सिनॉप्सिसमध्ये ‘प्रमाणित चाचणी वापरली जाईल’ असं एक वाक्य लिहून पुढे जातात. त्याच्याखाली आणखी दोन ओळी लिहा: ती चाचणी कुठल्या लोकांवर प्रमाणित झाली आणि माझे प्रतिसादक त्यांच्यासारखे आहेत का. व्हायवाला पहिला प्रश्न बहुधा हाच येतो.

आणि त्या मुलीचं काय? मी तिला ‘तुझा कान उत्तम आहे’ असं सांगितलं नाही, कारण तेही मी मोजलेलं नाही. प्राटमधले दोन्ही गंधार तिला एकामागून एक ऐकवले. तिने न बघता कुठला कुठला ते ओळखलं, सलग बारा वेळा. अंदाजाने असं होण्याची शक्यता ४०९६ मध्ये एक. तिने स्वतःच वहीत गणित करून बघितलं आणि तानपुरा ॲप चालू केलं. काकूंनी जिन्यातूनच विचारलं, “मग, क्लासची फी भरू न्हवं?”