विमानं घडवणारं गाव

गच्चीवर काय काय असतं? पाण्याची टाकी, उन्हात वाळत घातलेल्या कुरडया, कुणाचा तरी अडकलेला पतंग… आणि विमान?

हो, विमानसुद्धा! विरारहून चर्चगेटला जाणारी लोकल कांदिवलीला थांबते ना, तिथल्या चारकोपमध्ये एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव या वैमानिकानं चक्क सहा आसनी विमान तयार केलं. २०१६ मध्ये मुंबईत ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शन भरलं, तेव्हा विमानाचे भाग सुटे करून ते क्रेननं खाली उतरवावं लागलं. पुढच्या वर्षी त्याची सरकारदरबारी नोंद झाली. २०१८ मध्ये आपल्याच पालघर जिल्ह्यात विमानांचा कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी करारही झाला.

आता जरा विचार करा. विमान गच्चीवर बनू शकतं, तर मग त्यासाठी कारखाना कशाला हवा?

उत्तर मोठं मजेदार आहे. एक विमान एखादा माणूस जिद्दीनं बनवू शकतो. पण एकासारखं दुसरं, दुसऱ्यासारखं तिसरं, अशी शेकडो विमानं बनवायची आणि त्यातल्या प्रत्येकावर वैमानिकानं डोळे मिटून विश्वास ठेवायचा, तर ते काम हजारो हातांना शिकावं लागतं. ते शिकायला वर्षानुवर्षं जातात. महाराष्ट्रातल्या एका गावानं हे करून दाखवलंय. त्या गावाचं नाव ओझर.

ओझर नाशिकजवळ, मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. निफाड तालुक्यातलं हे गाव. आजूबाजूला द्राक्षांच्या बागा आणि कांद्याची शेतं. लोक मात्र त्याला ‘ओझर मिग’ म्हणतात. मिग हे रशियन बनावटीच्या लढाऊ विमानाचं नाव. गावाच्या नावाला विमानाचं नाव चिकटलेलं असं ठिकाण तुम्ही दुसरं कुठे ऐकलंय का?

ही गोष्ट थोडी आधीपासून सांगायला हवी. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. भारतातला हा पहिला विमान कारखाना. पुढे १९६२ मध्ये भारतानं सोव्हिएत संघाबरोबर करार केला, की मिग-२१ हे ध्वनीच्या दुप्पट वेगानं उडणारं विमान आपण आपल्याच देशात बनवायचं. त्या सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. मिगचा कारखाना आला त्याच नाशिकजवळच्या ओझरला. १९६४ मध्ये जुनी बंगळुरूची कंपनी आणि मिगसाठी काढलेली नवी कंपनी एकत्र झाल्या आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजेच एचएएल, जन्माला आली. कामं वाटून घेतली गेली. मिगचं इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला.

सांगाडा म्हणजे नक्की काय? पाचूबंदर किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होडी बांधताना तुम्ही पाहिली असेल. आधी खालचा लांब कणा, मग त्यावर ओळीनं उभ्या वाकवलेल्या बरगड्या आणि शेवटी बाहेरून फळ्या. विमानाचं धडही असंच असतं. आत गोल कडी, त्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या आणि वरून पातळ पत्रा. फरक इतकाच की विमानात पत्रा नुसता झाकण म्हणून नसतो. तोही ताण आणि दाब झेलतो. म्हणून तर एवढ्या पातळ पत्र्याचं विमान एवढं वजन पेलतं.

पण मग पत्रा कशाचा? लोखंडाचा घेतला तर फार जड. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, पण शुद्ध ॲल्युमिनियम फारच मऊ. यावरचा उपाय सापडला तो जर्मनीत, १९०६ मध्ये. आल्फ्रेड विल्म नावाच्या शास्त्रज्ञानं ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि किंचित मॅग्नेशियम मिसळलं, ते तापवलं आणि झटकन पाण्यात थंड केलं. कठीणपणा मोजला, तर काही विशेष नाही. पण काही दिवसांनी तोच तुकडा पुन्हा मोजला आणि काय आश्चर्य, तो आपोआप कठीण झाला होता! नुसता ठेवून दिला, तरी!

असं कसं झालं? झटकन थंड केल्यावर तांब्याचे अणू ॲल्युमिनियममध्ये इकडेतिकडे विखुरलेले राहतात. मग हळूहळू ते एकत्र येऊन अतिशय बारीक पुंजके बनवतात. धातू वाकतो तेव्हा त्याच्या आतले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. हे पुंजके त्या घसरणीच्या वाटेत अडसर होऊन बसतात. थर घसरायला त्रास, म्हणजे धातू कठीण!

याची आणखी एक गंमत ऐका. पत्रे जोडायला रिव्हेट वापरतात. भोकात घालून, टोक ठोकून पक्की केलेली धातूची छोटी खुंटी म्हणजे रिव्हेट. एका विमानात अशा हजारो रिव्हेट असतात. काही रिव्हेट याच प्रकारच्या मिश्रधातूच्या असतात. त्या तापवून पाण्यात थंड केल्यावर बाहेरच ठेवल्या तर ठोकायच्या आधीच कठीण होऊन बसतील. म्हणून विमान कारखान्यांत अशा रिव्हेट चक्क फ्रीजमध्ये ठेवतात! थंडीत अणूंची हालचाल मंदावते आणि रिव्हेट मऊच राहतात. बाहेर काढायच्या, लगेच ठोकायच्या. मग विमानात बसल्यावर त्या आपोआप कठीण होतात.

आता पंख धडाला जोडायचा आहे. पंख एका शेडमध्ये बनला, धड दुसऱ्या शेडमध्ये. दोन्हीकडची भोकं एकमेकांसमोर यायलाच हवीत. त्यासाठी असतो जिग, म्हणजे सुटे भाग अगदी ठरलेल्या जागी घट्ट धरून ठेवणारा भक्कम लोखंडी साचा. आज बनवलेला भाग आणि वर्षभरानं बनवलेला भाग सारखाच यावा, याची हमी जिग देतो. फिटर, टर्नर, वेल्डर आपापलं काम करतात. मग इन्स्पेक्टर मोजतो, तपासतो आणि सही करतो. कोणता भाग कुणी बनवला, कुणी तपासला, सगळ्याची नोंद राहते. कामानंतर हत्यारंसुद्धा मोजून परत ठेवायची. एक पाना जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान उडवायचं नाही, कारण आत राहिलेला पाना विमान उडताना कुठेही अडकू शकतो.

हे सगळं ओझर एका दिवसात शिकलं नाही. सुरुवातीला सोव्हिएत संघातून तयार भाग येत आणि इथे ते फक्त जोडले जात. मग छोटे भाग इथे बनू लागले, मग मोठे. १९७० मध्ये कच्च्या मालापासून भारतात बनलेलं पहिलं मिग-२१ हवाई दलाला मिळालं. पुढे ओझरनं मिग-२१च्याच नवनव्या आवृत्त्या बनवल्या. सगळी मिळून पाचशेहून अधिक मिग-२१ भारतात तयार झाली. नंतर मिग-२७ आलं. २००४ पासून सुखोई-३० एमकेआय हे जवळजवळ २२ मीटर लांब, दोन इंजिनांचं विमान ओझरहून हवाई दलाकडे जाऊ लागलं. तिथेही तीच शिडी चढावी लागली. आधी जोडणी, मग छोटे भाग, मग थेट कच्च्या मालापासून. टायटॅनियमसारखा चिवट धातू कापायला, घडवायला शिकावं लागलं. दोनशेहून अधिक सुखोई इथे बनली.

आणि मग २०२५ उजाडलं. २६ सप्टेंबरला चंदीगडमध्ये मिग-२१ला हवाई दलानं निरोप दिला. ज्या विमानावर ओझरचा हात बसला, ते निवृत्त झालं. त्यानंतर बरोबर २१ दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए हे लढाऊ विमान हवेत झेपावलं. मिग आणि सुखोईचे आराखडे परदेशी होते. तेजसचा आराखडा भारतीय अभियंत्यांचा आहे. आधी दुसऱ्याचं विमान जोडायचं, मग ते मुळापासून बनवायचं, मग आपण आखलेलं बनवायचं. या प्रवासाला साठ वर्षं लागली आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या कामगारांनी पुढच्यांना हाताला धरून शिकवलं.

आता तुमच्या घराजवळ बघा. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे इथे कितीतरी छोटे गाळे आहेत. त्यात लेथ नावाच्या यंत्रावर कुणी तरी लोखंडी भाग कातत असतं आणि मधूनच थांबून मोजमापाचं साधन घेऊन मोजत असतं. मशीन बंद करणं, मोजणं, पुन्हा किंचित कातणं, पुन्हा मोजणं. ते काम छोटं दिसतं, पण विमानं घडवणारी माणसं तयार होतात ती याच सवयीतून. तुमच्या ओळखीचं कुणी आयटीआयमध्ये शिकत असेल, तर त्यांना विचारा, एका भागासाठी किती वेळा मोजता? उत्तर ऐकून तुम्हांला त्यांचा अभिमान वाटेल.

करून पाहा: एका कागदाची जाडी पट्टीनं मोजता येत नाही ना? मग ५०० कागदांचा न फोडलेला गठ्ठा घ्या. त्याची जाडी मिलीमीटरमध्ये मोजा आणि तिला ५०० नं भागा. उत्तर साधारण ०.१ मिलीमीटर येईल. विमानाच्या कितीतरी भागांत याहूनही कमी चूक चालते! आता खरी परीक्षा. तोच गठ्ठा पाच मित्रमैत्रिणींना एकमेकांचं उत्तर न सांगता मोजायला द्या. सगळ्यांचं माप सारखं आलं का? नसेल, तर का नाही, ते शोधा. पट्टी तिरकी होती? गठ्ठा कुणी दाबला, कुणी सैल धरला? मोजण्याची एकच पद्धत ठरवा आणि पुन्हा मोजा. पाचही मापं जुळली, की विमान कारखान्याचा पहिला धडा तुम्ही शिकलात!