वही घेऊन लघुपट पाहू या

मंडळी, कणकवलीच्या बाजारातून जाताना हल्ली एक गंमत दिसते. एस. टी.ची वाट पाहत उभी असलेली मुले खिशातून फोन काढतात आणि गाडी येईपर्यंत तीन-चार सिनेमांचे ट्रेलर पाहून मोकळी होतात. गाडीत बसल्यावर त्याच सिनेमांवर वादही घालतात. सिनेमा कोणीच पाहिलेला नसतो, पण मत प्रत्येकाचे तयार असते!

याच मुलांना शाळा-कॉलेजांतून आता एक नवा प्रकल्प दिला जातो. काही लघुपट पाहा, काही ट्रेलर पाहा, त्यांचा अभ्यास करा आणि मग स्वतः एक छोटा लघुपट तयार करा. प्रकल्प चांगला आहे. पण अभ्यास करा म्हणजे नेमके काय करा, हे मुलांना कोणी सांगत नाही, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ शिक्षकांनाही ते कोणी सांगितलेले नसते. म्हणून आज त्याविषयी थोडे बोलू.

मध्यंतरी आपल्याच भागातल्या एका शाळेत मुलांनी केलेला लघुपट पाहायचा योग आला. विषय होता गड नदी. दिवे मालवले, ढोल वाजू लागले. पूल दिसला, फेसाळणारे पाणी दिसले, गरी टाकून बसलेला एक म्हातारा दिसला, काठाने धावणारा मुलगा दिसला. सारे भराभर, डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच पुढचे. शेवटी अंधार झाला आणि पडद्यावर अक्षरे आली, ‘नदी बोलणार आहे!’ टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणाची तरी आजी म्हणाली, “मगे फुडे काय झाला?”

सगळे हसले. पण परीक्षकाने जे सांगायला हवे होते, ते त्या आजीने चार शब्दांत सांगितले होते. मुलांनी लघुपट म्हणून जे केले होते तो लघुपट नव्हता, ट्रेलर होता. आणि तोही न काढलेल्या सिनेमाचा!

या दोहोंतला फरक काय? ट्रेलर हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली गाडी ती ट्रेलर. सिनेमाच्या ट्रेलरला हे नाव पडले तेही याच अर्थाने. साधारण १९१३ च्या सुमारास अमेरिकेतल्या चित्रगृहांत पुढच्या खेळाची जाहिरात चालू खेळाच्या शेवटी जोडून दाखवू लागले. मागे जोडलेली, म्हणून ट्रेलर. पुढे ध्यानात आले की खेळ संपला की लोक उठून जातात. तेव्हा ती जाहिरात खेळाच्या आधी आली, पण नाव मात्र तेच राहिले.

तेव्हा ट्रेलर म्हणजे जाहिरात. बाजारातल्या भाजीवालीची हाक म्हणा ना! हाक म्हणजे लबाडी नव्हे. चांगली हाक मारणे हीसुद्धा एक कलाच आहे. पण हाकेने पोट भरत नाही. लघुपट हे वाढलेले पान आहे. पान लहान असेल, त्यावर चारच पदार्थ असतील, पण जेवण पुरे झाले पाहिजे. अमेरिकेतल्या ऑस्कर पारितोषिकांसाठी चाळीस मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट धरतात. परंतु नुसत्या मिनिटांवर जाऊ नका. दोन मिनिटांचा लघुपटही असतो आणि दोन मिनिटांचा ट्रेलरही असतो. ट्रेलर प्रश्न उभा करून थांबतो, लघुपट त्या प्रश्नाला सामोरा जातो.

याचे फार सुरेख उदाहरण आपल्या मराठी माणसाचेच आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेतून कॅमेरा घेऊन आले. चित्रपट काढायचा होता, पण पैसा नव्हता आणि लोकांचा विश्वासही नव्हता. तेव्हा त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्यासमोर कॅमेरा ठेवला. सुमारे महिनाभर ते थोड्या थोड्या अंतराने त्याचे चित्रण करत राहिले. पडद्यावर मिनिटभरातच दाणा फुटला, कोंब वर आला, त्याचा वेल झाला. या चित्राचे नाव ‘अंकुराची वाढ’. ते पाहून काही मंडळी कर्ज द्यायला तयार झाली. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

आता पाहा, ‘अंकुराची वाढ’ने ट्रेलरचेच काम केले. पुढे येणाऱ्या चित्रपटासाठी माणसे आणि पैसा गोळा केला. पण ते चित्र स्वतःत पुरे होते. दाण्यापासून वेलापर्यंतची गोष्ट त्यात सांगून झाली होती. ‘मगे फुडे काय झाला?’ असे तिथे कोणी विचारले नसते. आणि त्यासाठी ना राजवाडा लागला, ना फौज. एक कुंडी, एक दाणा आणि महिनाभराची चिकाटी, एवढ्यावर भागले. आपल्या मुलांना याहून सोपा आणि याहून अवघड धडा दुसरा नाही.

आता ट्रेलरची दुसरी बाजू पाहू. हीही आपल्या महाराष्ट्रातलीच हकीकत आहे, आणि तीही एका शिक्षिकेची. २०१६ साली ‘फॅन’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्याच्या जाहिरातीत एक गाणे सारखे वाजत असे. तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या या बाई मुलांना घेऊन चित्रपटाला गेल्या. चित्रपट संपला तरी ते गाणे काही आले नाही. मुले हिरमुसली. बाईंनी ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्ह्यात ती फेटाळली गेली, पण राज्य आयोगाने त्यांना दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार रुपये खर्च देवविला, आणि राष्ट्रीय आयोगानेही तो निर्णय उचलून धरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने आधीचे निर्णय रद्द केले. ट्रेलर ही उत्सुकता वाढविणारी जाहिरात आहे, जे ट्रेलरमध्ये आहे ते चित्रपटात असेलच असा करार त्यातून होत नाही, असा त्या निकालाचा आशय.

कायद्याने काय ठरले ते ठरले. आपण त्यातून एवढेच घ्यायचे, की ट्रेलरवरून सिनेमाची परीक्षा करू नये. आणि जो मुलगा नुसते ट्रेलर पाहून लघुपट करायला बसेल, त्याच्या हातून ट्रेलरच होणार. जे पेराल तेच उगवणार.

मग अभ्यास करायचा कसा? त्यासाठी फार सामग्री लागत नाही. एक वही, एक पेन्सिल, सेकंद दाखविणारे घड्याळ, आणि वर्गात एक पडदा किंवा एखादा फोन असला तरी पुरे. दहा-वीस चित्रांच्या मागे लागू नका. तीन लघुपट आणि तीन ट्रेलर नीट पाहिले तरी खूप झाले. प्रत्येक चित्र तीनदा पाहायचे. पहिल्यांदा साधा प्रेक्षक होऊन, काही न लिहिता. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, म्हणजे डोळे काय सांगतात ते कळेल. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकायचे. या तिसऱ्या खेपेला मुले थक्क होतात. भीती वाटत होती ती चित्रामुळे नव्हे, आवाजामुळे वाटत होती, हे त्यांचे त्यांनाच उमगते.

मग वहीचे पान आडवे धरून चार रकाने आखा. पहिल्यात दृश्य, दुसऱ्यात ते किती सेकंद टिकले, तिसऱ्यात आवाज कोणता, आणि चौथ्यात ‘यातून मला काय कळले?’ हा चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ट्रेलरच्या वेळी मुले लिहितील, एक सेकंद, दोन सेकंद, पुन्हा एक सेकंद. चौथा रकाना बऱ्याचदा कोराच राहील, किंवा तिथे प्रश्नचिन्ह येईल. लघुपटात एखादे दृश्य पंधरा-वीस सेकंद हलणार नाही, आणि चौथ्या रकान्यात लिहायला जागा पुरणार नाही. गुरुजींनी एका अक्षराचे व्याख्यान देण्याची गरज नाही. वहीच बोलेल.

जमल्यास आणखी एक प्रयोग करा. एखाद्या चित्रपटाचा ट्रेलर आधी पाहा, मग सबंध चित्रपट पाहा. ट्रेलरमधले कोणते दृश्य चित्रपटात कुठे आले, शेवटचे दृश्य ट्रेलरमध्ये आधी वापरले काय, तिथले संगीत चित्रपटात आहे काय, याची नोंद करा. शिवाय प्रत्येक चित्राखाली चार गोष्टी लिहिण्याची सवय लावा. चित्र कोणी केले, कोणत्या साली केले, पैसा कोणी दिला आणि कोणासाठी केले. सरकारी खात्याने केलेले चित्र, कंपनीने केलेले चित्र आणि विद्यार्थ्याने केलेले चित्र यांचे हेतू वेगळे असतात. तो हेतू ओळखणे हाच निम्मा अभ्यास.

कोणते लघुपट पाहावेत, असे तुम्ही विचाराल. लहान मुलांसाठी विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ घ्या. जाळ्यात सापडलेल्या पाखरांची जुनीच गोष्ट, पण चित्रांनी आणि गाण्याने सांगितलेली. मोठ्या मुलांसाठी नागराज मंजुळे यांचे दोन लघुपट आहेत. पहिला ‘पिस्तुल्या’. शाळेत जाण्याची आस लागलेल्या पारधी मुलाची ही गोष्ट. मंजुळे यांनी हा लघुपट केला तो तेव्हाच्या अहमदनगरात माध्यमांचे शिक्षण घेत असताना, म्हणजे विद्यार्थी म्हणूनच. पुढे त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. दुसरा ‘पावसाचा निबंध’, २०१७ सालचा. शाळेत मुलाला पावसावर निबंध लिहायला सांगितलेला असतो आणि घरी तोच पाऊस छपरातून गळत असतो. या लघुपटाला दिग्दर्शनासाठी आणि ध्वनीसाठीही राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. आपण कोकणातली माणसे, पाऊस आपल्याला कोणी शिकवायला नको. पण हा लघुपट पडद्याकडे पाठ करून एकदा ऐकाच.

जुन्या चित्रांचा शोध घ्यायचा तर पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. मुंबईला सहल गेली तर पेडर रोडवरचे भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. ते २०१९ साली उघडले. १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने शेती, आरोग्य, कला अशा विषयांवर हजारो माहितीपट केले. ती संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, पण त्यांतले पुष्कळ माहितीपट आज घरबसल्या पाहता येतात.

शिक्षकांसाठी दोन सूचना. चित्रगृहात दाखवायच्या चित्रपटाला जसे मंडळाचे प्रमाणपत्र लागते, तसे ट्रेलरलाही लागते. इंटरनेटवर कोणीही चढविलेल्या लघुपटाला ते नसते. तेव्हा वर्गात दाखविण्यापूर्वी प्रत्येक चित्र स्वतः शेवटपर्यंत पाहा. दुसरे असे, की मुले आपल्या चित्राला सिनेमाचे गाणे सहज जोडून टाकतात. ते गाणे दुसऱ्याचे आहे, परवानगीवाचून घेऊ नये, हे त्यांना आधीच सांगा. त्यापेक्षा पाटाच्या पाण्याचा आवाज टिपा, गिरणीचा टिपा, आरतीच्या झांजांचा टिपा. हे आवाज आपल्या गावचे आहेत. तसेच ज्या माणसाचे चित्रण कराल त्याला आधी विचारा, आणि चित्र पुरे झाल्यावर पहिल्यांदा त्यालाच दाखवा.

आणि विषय? विषयासाठी लांब जायला नको. आठवडा बाजारात पहाटे टोपली घेऊन निघालेली एक बाई संध्याकाळी किती पैसे घेऊन घरी परतते? १९४८ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीत गोपुरी आश्रम उभा केला. सफाईचे काम हलके नाही हे त्यांनी स्वतः करून दाखविले. ते आज कोणाला आठवते आणि कसे आठवते? दशावतारात स्त्रीपार्ट करणारा गडी रात्रभर नाचून सकाळी शेतावर जातो, तेव्हा तोंडावरचा रंग कुठे धुतो? एकेक प्रश्न घ्या आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत कॅमेरा हलवू नका.

त्या शाळेतल्या मुलांनी पुढे काय केले, हे सांगायचे राहिलेच. ढोल काढून टाकले, पूल काढून टाकला. गरी टाकून बसलेल्या त्या म्हाताऱ्यापाशी ती तीन रविवार जाऊन बसली. नव्या चित्रात म्हातारा सांगतो, की पूर्वी या डोहात कोणते मासे मिळत आणि आता कोणते मिळत नाहीत. मग तो गरी टाकतो. बराच वेळ काही होत नाही. शेवटी रिकामी गरी गुंडाळून तो घरची वाट धरतो. बस्स, एवढेच! सहा मिनिटांचे चित्र. आजी पुन्हा मागच्याच बाकावर होती. दिवे लागले तेव्हा तिने काही विचारले नाही. पदराने डोळे पुसले आणि म्हाताऱ्याचे घर कुठल्या वाडीत, एवढे मात्र शेजारणीला विचारून घेतले.