बहिरी ससाण्याची हद्द : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विणीच्या हंगामात बहिरी ससाणा दिसेल त्याच्यावर तुटून पडतो, असं सर्रास सांगितलं जातं. त्याच्या झेपेचा वेग पाहून धडकी भरते हे खरं. पण हद्दीच्या बाबतीत हा पक्षी मोठा हिशेबी आहे.

गैरसमज : जिथवर शिकार, तिथवर त्याचं राज्य.
शिकारीसाठी तो कित्येक किलोमीटर लांब जातो आणि शेजारच्या जोड्यांची शिकारीची रानं एकमेकांत मिसळलेली असतात. प्राणपणाने राखायचा असतो तो घरट्याचा कडा आणि त्याच्या आसपासचा भाग. घरटं तरी कसलं! एक काडीही नसते. कपारीतल्या खडीवर छाती टेकून, पाय मागे झाडत पक्षी एक उथळ खळगा करतो आणि मादी त्यात तीन-चार अंडी घालते. पावसापासून आडोसा असलेली आणि शत्रूच्या आवाक्याबाहेरची अशी कपार सहजी मिळत नाही, म्हणून एकच जागा पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहते आणि तिच्यासाठीच झगडे होतात.

गैरसमज : राखण नराची, मादी नुसती अंड्यांवर.
मादी नरापेक्षा बरीच थोराड असते, वजनाने दीडपटीच्या आसपास. घरट्यापाशी जास्त वेळ तीच असते. नर शिकार आणून देतो आणि अंडी उबवायलाही बसतो. घुसखोर मादी असेल तर बहुधा मादीच पुढे सरसावते, नर असेल तर नर.

गैरसमज : घुसखोर आला की रक्तपात ठरलेला.
आधी कर्कश ‘कॅक-कॅक-कॅक’, मग घिरट्या, पाठलाग, अंगावर खोट्या झेपा. बहुतेक पाहुणे एवढ्यावर काढता पाय घेतात. मात्र हक्काची जागा नसलेला ससाणा इरेला पेटला, तर नख्यांत नख्या अडकवून दोघे खाली कोसळतात आणि कधी त्यात एकाचा जीवही जातो.

या दराऱ्याचा फायदा इतरांनाही होतो. सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पात लाल छातीचे कलहंस मुद्दाम बहिरी ससाण्याच्या घरट्याजवळ अंडी घालतात, कारण अंडी पळवणाऱ्या आर्क्टिक कोल्ह्याला ससाणा जवळ फिरकू देत नाही.

गैरसमज : जोडी जन्माची, एक गेला की दुसरा झुरतो.
कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या घंटाघरावर 2017पासून ॲनी आणि ग्रिनेल ही जोडी पिल्लं वाढवत होती. 2021च्या ऑक्टोबरात दुसऱ्या ससाण्यांशी झालेल्या झटापटीत ग्रिनेल जखमी झाला. उपचारांनंतर तो परतलाही. पण 31 मार्च 2022 रोजी शहरात तो मेलेला सापडला, बहुधा गाडीच्या धडकेने. ॲनी तेव्हा अंड्यांवर होती. लगोलग एक नवा नर आला, ॲनीला भक्ष्य देऊ लागला, अंड्यांवरही बसला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं आल्डन. मे महिन्यात पिल्लं बाहेर आली. ॲनीला निष्ठुर म्हणणं मला पटत नाही. अंडी उबायला महिनाभर आणि पिल्लं उडायला पुढे सहा आठवडे लागतात. एकटीच्या बळावर तो पल्ला गाठणं फार अवघड. जोडीदारांची वर्षानुवर्षांची साथ खरी असते, पण दोघांना बांधून ठेवते ती जागा.

गैरसमज : माणसावर झडप घालतो, म्हणजे पिसाळलेला आहे.
पिल्लं असताना हा आवेश शिगेला असतो आणि हंगाम सरला की ओसरतो. आपण जवळ गेलो की आईबाप हवेत ओरडत राहतात आणि अंडी वा इवली पिल्लं उघडी पडतात. म्हणून अमेरिकेच्या योसेमिटी उद्यानात घरटी असलेल्या कड्यांवर 1 मार्च ते 15 जुलै चढाईला मनाई असते.

आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर याच बहिरी ससाण्याची शाहीन ही उपजात घरटी करते. उन्हाळ्याच्या तोंडाशी कडा चढताना किंवा गडावरून ड्रोन उडवताना डोक्यावर ‘कॅक-कॅक’ सुरू झालं, तर फोटोच्या मोहात थांबू नका. ड्रोन उतरवा, दोर गुंडाळा आणि तिथून दूर व्हा.